लोकल बंद होती तेव्हा आणि नंतर: मुंबईकरांच्या रोजच्या प्रवासाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कल्याणला राहतो. करोनाआधी आठवड्याचे सहा दिवस सीएसएमटी गाठायचो, आता तीन दिवस. पुण्याचे पाहुणे, गावाकडचे भाऊबंद आणि डिसेंबरात परदेशातून येणारे नातलग मला फिरूनफिरून तेच प्रश्न विचारतात: एवढी मोठी साथ येऊन गेली, लोकांच्या सवयी बदलल्या की नाही? मग गर्दी आहे तशीच कशी? चहा संपेपर्यंत सांगून होत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतोय.

लोकल नेमकी किती दिवस बंद होती?

कोणाबद्दल विचारताय, त्यावर उत्तर अवलंबून आहे. २२ मार्च २०२० ला जनता कर्फ्यू होता. त्या रात्री गाड्या थांबल्या, त्या १५ जूनच्या पहाटेपर्यंत. म्हणजे सगळ्यांसाठी मिळून ८४ दिवस. १५ जूनला त्या सुरू झाल्या त्याही फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी: मध्य रेल्वेवर २००, पश्चिम रेल्वेवर १४६ फेऱ्या. करोनाआधी दोन्ही मिळून दिवसाला ३,१४१ फेऱ्या होत, हे डोक्यात ठेवा.

माझ्यासारख्या 'सामान्य' माणसाला डब्यात पाय ठेवायला १ फेब्रुवारी २०२१ उजाडला. मोजून ३१५ दिवस. (कल्याण ते सीएसएमटी दुसऱ्या वर्गाचा महिन्याचा पासही ३१५ रुपयांचाच. आमच्या ग्रुपवर हा विनोद बरेच दिवस फिरत होता.) तेव्हाही वेळा बांधून दिलेल्या: पहिल्या गाडीपासून सकाळी ७ पर्यंत, दुपारी १२ ते ४ आणि रात्री ९ नंतर. दहाला ऑफिस असलेल्या माणसानं करायचं काय? पावणेसातची गाडी पकडून साडेआठला ऑफिसच्या बंद दाराबाहेर बसायचं आणि संध्याकाळी नऊ वाजेपर्यंत स्टेशनबाहेर वडापाव खात उभं राहायचं. लोकांनी तेही केलं.

मग दुसरी लाट आली आणि एप्रिल २०२१ मध्ये दार पुन्हा बंद. ते १५ ऑगस्टला उघडलं, लशीचे दोन डोस घेतलेल्यांसाठी. सगळ्या फेऱ्या पूर्ववत व्हायला २८ ऑक्टोबर २०२१ उजाडला आणि राज्यातले उरलेसुरले निर्बंध उठले ते २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या दिवशी.

जुन्या लोकांना या आकड्यांचं महत्त्व सांगावं लागत नाही. ११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेवर स्फोट झाले, तरी दुसऱ्या दिवशी गाड्या धावत होत्या. १८५३ पासून धावणारी ही गाडी बंद पडू शकते, हेच आमच्या पिढीनं कधी मनात आणलं नव्हतं.

बस तर चालू होत्या ना? मग लोकलसाठी एवढी ओरड का?

हा प्रश्न मुंबईत राहणारा माणूस विचारत नाही, त्यातून वसई, बदलापूरचा तर नाहीच.

बेस्टच्या गाड्या टाळेबंदीतही डॉक्टर, नर्स, पालिकेचे कामगार, पोलीस यांना घेऊन धावत होत्या. ८ जून २०२० पासून त्या सगळ्यांसाठी सुरू झाल्या. एका आसनावर एक जण आणि उभे फक्त पाच, असा नियम होता. एसटीच्या गाड्याही मुंबईत आणल्या होत्या. पण हिशेब करा. बारा डब्यांच्या एका लोकलमध्ये बसायला साधारण १,२०० जागा असतात आणि ऐन गर्दीत तिच्यातून साडेचार हजारांवर माणसं जातात. तेवढ्यांना एका आसनावर एक या हिशेबानं न्यायचं तर एका लोकलच्या बदल्यात शंभरावर बस लागतील, आणि अशी लोकल सकाळी दर तीन-चार मिनिटांनी सुटते.

कल्याणहून निघणाऱ्याच्या वाट्याला शिळफाटा आणि पत्री पूल इथली वाहतूक कोंडी. जुना पत्री पूल २०१८ मध्येच पाडला होता आणि नवा उघडला जानेवारी २०२१ मध्ये. म्हणजे लोकल नाही त्याच काळात आमचा पूलही अर्धवट. ज्या अंतराला फास्ट गाडीनं सव्वा तास लागायचा, त्याला एका बाजूनं तीन तास. आमच्या सोसायटीतला एक जण फोर्टातल्या एका खासगी कार्यालयात हिशेबनीस होता. पहाटे साडेपाचला घर सोडायचा, रात्री साडेदहाला यायचा. पगार कापलेला, त्यात प्रवासाचा खर्च कितीतरी पट वाढलेला. तीन महिन्यांनी त्यानं नोकरी सोडली आणि इथेच पोळी-भाजीचे डबे द्यायला लागला.

२२ जुलै २०२० ला नालासोपाऱ्यात सकाळी एसटीच्या फेऱ्या अचानक रद्द झाल्या, तेव्हा वाट बघणारी माणसं थेट रुळांवर उतरली. आम्हालाही लोकलमध्ये घ्या, एवढीच मागणी होती. तेव्हा काहींनी त्यांना बेजबाबदार म्हटलं. असं म्हणणाऱ्यातले बहुतेक घरी बसून म्हणत होते, हे मला राहूनराहून सांगावंसं वाटतं.

'अत्यावश्यक' कोण, हे कसं ठरलं?

राज्य सरकारनं यादी केली, रेल्वेनं ती मान्य केली, मग क्यूआर कोडचे पास आले. यादी हळूहळू लांबत गेली: आधी रुग्णालयं, पालिका, पोलीस, मंत्रालय, नंतर बँका, मग आणखी काही. प्रत्येक खात्याचं पत्र, प्रत्येक पत्राचा वेगळा शिक्का.

यादीत नसलेल्यांची नावं घ्यायची तर घरकाम करणाऱ्या बाया, दुकानातले नोकर, फेरीवाले, नाक्यावरचे कामगार, बदलीवरचा वॉचमन. ज्यांचं काम घरून होत नाही आणि ज्यांच्यावाचून दुसऱ्याचं घर चालत नाही, तेच 'अनावश्यक' ठरले. बनावट ओळखपत्रं करून प्रवास करणारे पकडले गेले, त्याच्या बातम्या तेव्हा चवीनं वाचल्या गेल्या. ओळखपत्र खोटं होतं, हे खरं. पण खोटं ओळखपत्र करून माणूस जात कुठे होता? कामावर.

बायकांना ११ ते ३ ही वेळ दिली होती. ती कोणाच्या सोयीची?

कोणाच्याच नाही. नवरात्राच्या तोंडावर, १६ ऑक्टोबर २०२० ला राज्य सरकारनं रेल्वेला पत्र लिहिलं की सगळ्या महिलांना प्रवास करू द्या. रेल्वे आणि राज्य यांच्यात चार दिवस पत्रापत्री झाली, मग रेल्वेमंत्री पीयूष गोयल यांनी घोषणा केली आणि २१ ऑक्टोबरपासून सकाळी ११ ते दुपारी ३ आणि संध्याकाळी ७ नंतर परवानगी मिळाली.

आता ज्या बाईला दहाला कामावर हजर व्हायचंय तिनं अकराच्या गाडीचं काय करायचं? खरेदीला, माहेरी, दवाखान्यात जायला ही वेळ बरी, पण नोकरीला नाही. पुढे नोव्हेंबरात स्पष्ट करण्यात आलं की सोबत लहान मूल चालणार नाही. म्हणजे पाळणाघर बंद, शाळा बंद, आजी-आजोबांना जपायचं, आणि मूल गाडीत नको. वेळापत्रक आखणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कुठली बाई होती, कोण जाणे.

माझ्या ओळखीतल्या दोघींनी त्या वर्षात नोकरी सोडली. एकीनं पुन्हा धरली, दुसरीनं नाही. प्रवासाच्या सवयीतला सगळ्यात मोठा बदल हाच असतो: प्रवासच थांबणं. गाडीतल्या डोक्यांची मोजणी करणाऱ्याला तो दिसत नाही, कारण ती बाई गाडीतच नसते.

लोकलमध्ये सहा फूट अंतर ठेवणं शक्य होतं का?

नाही. ऐन गर्दीत एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं उभी असतात. सुरुवातीला एका गाडीत ७०० प्रवासी असं ठरलं होतं, आसनांवर फुल्या मारल्या होत्या, फलाटावर गोल आखले होते. जून २०२० मध्ये ते थोडंफार पाळलं गेलं, कारण माणसंच मोजकी होती. २०२१ च्या दिवाळीपर्यंत फुलीवर बसलेला माणूस शेजारच्याला 'जरा सरका' म्हणून चौथी सीट मागायला लागला होता.

लशीचा आणि रेल्वेच्या पासाचा संबंध कसा जोडला गेला?

८ ऑगस्ट २०२१ ला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी जाहीर केलं की दुसरा डोस घेऊन १४ दिवस झालेल्यांना १५ ऑगस्टपासून लोकल खुली. स्टेशनांवर मदत कक्ष उघडले. तिथे प्रमाणपत्र आणि ओळखपत्र तपासून शिक्का मारायचे, तो दाखवला की खिडकीवर पास. सुरुवातीला फक्त पास, एकेरी तिकीट नाही; ते ऑक्टोबरच्या अखेरीस मिळू लागलं.

यावरून न्यायालयात वाद झाले, आणि तत्त्व म्हणून वादाला जागा होतीच. पण मी जे पाहिलं ते सांगतो. आमच्या इमारतीतली चार-पाच तरणी पोरं 'बघू नंतर' करत बसली होती. पासाची बातमी आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ती केंद्राबाहेर रांगेत. साथीच्या भीतीनं जे झालं नाही ते लोकलच्या ओढीनं झालं.

घरून काम सुरू झालं, मग गर्दी कायमची कमी का नाही झाली?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि तो विचारणारा बहुतेक वेळा संगणकावर काम करणारा असतो.

करोनाआधी मुंबईच्या लोकलनं रोज ७५ ते ८० लाख प्रवास होत. २०२२ मध्ये सगळे निर्बंध उठले तरी हा आकडा लगेच जुन्या जागी आला नाही. म्हणजे काही माणसं खरंच कमी झाली. कोण? आयटीवाले, काही बँकांची मागची कार्यालयं, सल्लागार, जाहिरातवाले. त्यांच्याकडे घरी एक टेबल, बरं इंटरनेट आणि 'आलो नाही तरी चालेल' म्हणणारा साहेब होता.

बाकीच्यांचं काय? क्रॉफर्ड मार्केटमधला मालवाहक घरून ओझं उचलू शकत नाही. केईएमची आया, झवेरी बाजारचा कारागीर, न्यायालयातला शिपाई, मॉलमधली विक्रेती, बांधकामावरचा गवंडी, कोणीच नाही. लोकलमधली मोठी गर्दी यांचीच आहे आणि आधीही होती. फक्त आम्ही पासधारक ऑफिसवाले बोलके जास्त, त्यामुळे गर्दी म्हणजे आम्हीच असं आम्हाला वाटायचं.

माझ्यासारख्यांत जो बदल झाला तो पाहायचा तर पासाचा हिशेब मांडा. कल्याण–सीएसएमटी साधं तिकीट १५ रुपये, जाऊन-येऊन ३०. पास ३१५ चा. अकराव्या दिवशी पास वसूल होतो. पूर्वी महिन्याचे पंचवीस दिवस जायचो, त्यामुळे हिशेब करायचा प्रश्नच नव्हता. पास संपला की दुसरा. आता आठवड्यातून दोन दिवस बोलावणारं ऑफिस असेल तर महिन्याचे आठ-नऊ दिवस भरतात, पास अंगावर येतो. तीन दिवस असतील तर जेमतेम फायदा, आणि मध्ये एखादी सलग सुट्टी आली की तोही गेला. म्हणून एरवी तिमाही पास काढून निश्चिंत राहणारी माणसं आता महिन्याच्या १ तारखेला कॅलेंडर उघडून बसतात. ही सवय साथीनं लावली आणि ती टिकली, कारण ती खिशाशी बांधलेली आहे.

दुसरी गंमत वारांची. सोमवारी-शुक्रवारी घरून काम करायला सगळ्यांनाच आवडतं. त्यामुळे ऑफिसवाल्यांची गर्दी मंगळवार ते गुरुवार दाटते. हे मुंबईपुरतं नाही; लंडनमध्ये तर शुक्रवार इतके ओस पडले की तिथल्या वाहतूक संस्थेनं २०२४ च्या मार्च ते मे महिन्यांत शुक्रवारी दिवसभर कमी भाडं लावून पाहिलं. तिथे राहणाऱ्या माझ्या मावसभावाला मी म्हटलं, आमच्याकडे असं केलं तर शुक्रवारी दारात उभं राहायलाही जागा मिळणार नाही.

तिकिटाच्या रांगा कमी झाल्यात, ते करोनामुळे का?

निम्मं श्रेय करोनाला. मोबाइलवर तिकीट देणारं यूटीएस ॲप मुंबईत २०१४ पासून होतं, पण बरेच जण कूपन, खिडकी आणि स्टेशनवरच्या एटीव्हीएम या तिकीट यंत्रावर खूश होते. साथीत सुट्ट्या पैशांना हात लावायची भीती बसली, त्याच काळात भाजीवालीनंही क्यूआर कोड टांगला. गंमत म्हणजे निर्बंधांच्या काळात खुद्द यूटीएसच बंद होतं. ते लशीच्या पासाशी जोडून नोव्हेंबर २०२१ च्या शेवटी परत आलं. तोवर लोकांचा हात मोबाइलवर बसला होता. घाटकोपर–वर्सोवा मेट्रोनंही ऑक्टोबर २०२० मध्ये पुन्हा सुरू होताना प्लॅस्टिकच्या टोकनांऐवजी क्यूआरची कागदी तिकिटं आणली. विषाणूची भीती कधीच गेली, टोकन काही परत आलं नाही.

एसी लोकलला गर्दी व्हायला लागली, ती आरोग्याच्या काळजीनं का?

अजिबात नाही. काळजीच असती तर लोक बंद दारं-खिडक्यांच्या डब्यातून पळाले असते. साथीत सगळे हेच सांगत होते की हवा खेळती ठेवा. पहिली एसी लोकल २५ डिसेंबर २०१७ ला पश्चिम रेल्वेवर धावली. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर ती डिसेंबर २०२० मध्ये, म्हणजे ऐन साथीत आली आणि बरेच महिने रिकामी धावली. मग ५ मे २०२२ पासून एकेरी तिकीट जवळपास निम्म्यावर आणलं. त्या उन्हाळ्यापासून कल्याणच्या फलाटावर एसीच्या दारापाशी रांग दिसायला लागली. आता तर तिच्यातही दार बंद होईना इतकी माणसं.

लोकांनी दुचाक्या आणि गाड्या घेतल्या, त्या परत विकल्या का?

हप्ता सुरू असलेली गाडी कोण विकतं? लोकल बंद असताना कामावर जायचंच होतं, म्हणून ज्याला झेपलं त्यानं स्कूटर घेतली, काहींनी जुनी मारुती. एकदा दारात वाहन उभं राहिलं की माणूस नाक्यावर कोथिंबीर आणायलाही तेच काढतो. लोकल परत आल्यावर लांबचा प्रवास पुन्हा गाडीनं सुरू झाला, पण घर ते स्टेशन हा तुकडा कायमचा बदलला. पूर्वी शेअर रिक्षानं किंवा पायी जाणारा आता स्कूटर स्टेशनजवळ लावतो. कल्याण, डोंबिवली, ठाण्यात स्टेशनबाहेरच्या पार्किंगची जी दैना आहे तिच्या मुळाशी हे आहे. शेअर रिक्षात तिसऱ्या माणसाशेजारी बसायची भीती मात्र सहा महिन्यांत उडाली. मागे तीन, पुढे एक, पूर्वीसारखेच.

आणि सायकली?

२०२० च्या पावसाळ्यात दुकानांत सायकली मिळेनात. केंद्राच्या नगरविकास खात्यानं त्याच सुमारास शहरांसाठी सायकल स्पर्धा जाहीर केली. बोगोटानं, पॅरिसनं त्या वर्षी रस्त्याची एक मार्गिका काढून सायकलींना दिली होती. आपल्याकडे पट्टे रंगवले, त्यावर रिक्षा उभ्या राहिल्या. आमच्या इमारतीच्या जिन्याखाली अकरा सायकली आहेत. दोन चालतात.

डबेवाल्यांचं काय झालं?

त्यांच्यावर साथीचा घाव सगळ्यात खोल बसला, आणि तो अजून भरलेला नाही. मार्च २०२० मध्ये त्यांनी काम थांबवलं. मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर भागातली ही माणसं गावी परतली, शेतीला लागली. ऑक्टोबरात त्यांना लोकलमध्ये परवानगी मिळाली. पण डबा खाणारा माणूस ऑफिसात नव्हता. पाच हजारांच्या आसपास असलेल्या त्या साखळीतले बरेच जण परत आलेच नाहीत.

दुसऱ्याच्या प्रवासाची सवय बदलली की तिसऱ्याचं पोट कसं हलतं, हे यात दिसतं. साहेब आठवड्यातून दोन दिवस येणार म्हटल्यावर तो महिन्याचा डबा लावत नाही, ॲपवरून मागवतो. डबेवाल्याचं गणित मात्र रोजच्या, ठरलेल्या वेळेच्या, ठरलेल्या पत्त्यावर उभं असतं. आठवड्यातून दोन दिवसांच्या डब्यासाठी त्याची साखळी चालत नाही.

गाडीतले ग्रुप, भजनं, हळदीकुंकू परत सुरू झालं का?

झालं, पण विरळ. आमच्या ८.०८ च्या गाडीला मधल्या डब्यात टाळ वाजायचे. दसऱ्याला डबा सजवायचा, पेढे वाटायचे. लेडीज डब्यात संक्रांतीचं वाण, परतीच्या गाडीत गवार निवडणं. हे सगळं रोज तीच माणसं, तीच गाडी, तोच दरवाजा यावर चालायचं. आता मंगळवारी येणारा बुधवारी नसतो. जागा धरून ठेवायची कोणासाठी? सहा जणांच्या रमीला चारच जमतात. आमच्यातले दोघं त्या दोन वर्षांत निवृत्त झाले, एक गेला. ग्रुपचं नाव व्हॉट्सॲपवर अजून '८.०८ कल्याण फास्ट' आहे, तिथे मुख्यतः सुप्रभात येतं.

डाऊन जाऊन रिटर्न बसून येणं मात्र जोरात आहे. डोंबिवलीचा माणूस आधी उलटा कल्याणला येतो, सीट पकडतो आणि तीच गाडी मुंबईला सुटते. ही कला कुठल्याही विषाणूनं मरणारी नाही.

गावाकडे, एसटीवर काय परिणाम झाला?

तिथे साथीवर संपाची भर पडली. ऑक्टोबर २०२१ च्या शेवटी सुरू झालेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप उच्च न्यायालयानं दिलेल्या मुदतीपर्यंत, म्हणजे २२ एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. आधी टाळेबंदी, मग संप. दोन वर्षांत लोकांनी वडाप, टमटम, काळी-पिवळी आणि शेजाऱ्याची मोटारसायकल यांवर भागवायला शिकून घेतलं. साथीआधी रोज ६५ लाखांच्या आसपास माणसं एसटीनं जायची. संप मिटला तेव्हा स्टँडवर गाड्या होत्या, माणसं नव्हती.

त्यांना परत कशानं आणलं? 'एसटी सुरक्षित आहे' या जाहिरातीनं नक्कीच नाही. २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट. माझी आत्या जुन्नर तालुक्यात असते. पूर्वी वर्षातून दोनदा लेकीकडे जायची, आता महिन्याला. अर्ध्या तिकिटात जाणं-येणं होतं म्हणते. रेल्वेनं मात्र लांबच्या गाड्यांत ज्येष्ठांना मिळणारी ४० आणि ५० टक्के सवलत मार्च २०२० मध्ये 'साथीमुळे' थांबवली, ती साथ गेल्यावरही परत दिलेली नाही. सवलत काढायला साथ पुरते, द्यायला पुरत नाही.

साथीनं मुंबईचा प्रवास बदलण्याची ही पहिलीच वेळ का?

नाही, आणि आधीचा बदल याहून कितीतरी मोठा होता. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. पुढच्या काही महिन्यांत सव्वाआठ लाखांच्या मुंबईतली निम्म्याच्या आसपास माणसं शहर सोडून गेली, आणि गेली ती बऱ्याच अंशी रेल्वेनंच. त्यामुळे स्टेशनांवर प्रवाशांची तपासणी सुरू झाली. आमच्या कल्याणलाही प्रवाशांना उतरवून बगला आणि जांघा चाचपल्या जात. ज्या कायद्यानं हे चाललं तो १८९७ चा साथरोग कायदा. रेल्वेनं किंवा इतर मार्गानं जाणाऱ्यांची तपासणी करण्याचा अधिकार त्यात सरळ लिहिलेला आहे. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रानं लागू केला तो हाच कायदा, एकशे तेवीस वर्षांनी.

पण खरा बदल नंतर झाला. १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्तीत हवा यावी म्हणून रुंद रस्ते काढले, प्रिन्सेस स्ट्रीट त्यातलाच, आणि दादर, माटुंगा, शीव या बाजूला नव्या वसाहती आखल्या. गिरगावातला कारकून दादरला राहायला गेला की कामाला पायी जाणं संपलं; त्याला गाडी लागू लागली. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी (आताचं सीएसएमटी) ते कुर्ला विजेची गाडी धावली. लांब राहायचं आणि गाडीनं कामाला यायचं, ही मुंबईची जी सवय आपण जन्मजात समजतो तिच्या घडणीत प्लेगचा मोठा हात आहे. करोनानंतर असं नवं काही उभं राहिलं का? मेट्रो २अ आणि ७ त्याच पाडव्याला, २ एप्रिल २०२२ ला सुरू झाल्या, पण त्यांची आखणी साथीच्या कितीतरी आधीची.

ऑफिसच्या वेळा बदलल्या तर गर्दी कमी होईल, हे २०२० मध्येच का नाही केलं?

बोललं खूप गेलं. एवढी चांगली संधी पुन्हा येणार नव्हती. सगळी ऑफिसं एकाच वेळी बंद होती, उघडताना कोणाला आठ, कोणाला अकरा अशी वेळ देता आली असती. प्रत्यक्षात पहाटे सातच्या आत आणि रात्री नऊनंतर प्रवासी ढकलले, ऑफिसं मात्र दहालाच उघडली. २०२३ मध्ये मध्य रेल्वेनं शेकडो आस्थापनांना वेळा बदलायची विनंती केली आणि आपल्या मुख्यालयातल्या कर्मचाऱ्यांच्या वेळा दोन भागांत विभागल्या. बाकीच्यांनी पत्र फाइलला लावलं. ९ जून २०२५ ला दिवा–मुंब्र्याच्या दरम्यान दारात लटकलेली माणसं खाली पडली, काहींचा जीव गेला, तेव्हा वेळा बदलण्याची चर्चा पुन्हा दोन आठवडे रंगली.

मार्च २०२० मध्ये ज्यांचा पास चालू होता, त्यांचे पैसे बुडाले का?

नाही. वाया गेलेले दिवस रेल्वेनं पुढे वाढवून दिले. जुना पास खिडकीवर दाखवायचा, उरलेले दिवस मोजून नवी मुदत लिहून मिळायची. माझे एकोणीस दिवस बाकी होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये मी उत्साहानं रांगेत उभा राहिलो, पाकीट उघडलं आणि आठवलं की पास जुन्या पँटच्या खिशात होता, आणि ती पँट टाळेबंदीच्या पहिल्याच आठवड्यात, बाहेरून आलेलं सगळं गरम पाण्यातून काढायचं त्या धास्तीत, डेटॉल टाकून दोनदा उकळली होती.